मागलं दार

वहिनीनं माझ्या दीड वर्षाच्या करुणाला काखेत घेतलं आणि मला मागलं दार दाखवलं. "मी हिला वासरू दावते, तेवढ्यात तू निघ गो. बघितलं तर रडंल." नाते गावातल्या आमच्या वाडीतून मुंबईला जाणारी प्रत्येक आई अशीच निघायची. मीही चपला हातात घेऊन केळीखालून निघाले. नवरा आधीच सोडून गेला होता आणि कापडाच्या घाऊक दुकानात मला नुकतीच नोकरी लागली होती.

पुढे मी स्वतःचं दुकान उभं केलं. भाव पाडून घेण्यात मला कोणी हरवत नाही. फार तडकते असं व्यापारी म्हणतात, म्हणोत. करुणा मात्र वहिनीला आई म्हणू लागली आणि मला आत्या. हे वहिनीनंच शिकवलं, हा राग मी इतकी वर्षं जपला.

मुंबईत नवी असताना शेजारणीच्या खोलीवर टीव्हीत एक विनोदी सिनेमा पाहिला होता. मोठ्या हुद्द्यावरच्या बाईच्या पदरात अचानक तान्हं मूल पडतं, ती मीटिंगला दुधाची बाटली घेऊन जाते. पोट धरून हसले होते. करुणाही माझ्याकडे अशीच, नको त्या वेळी आली होती.

गेल्या महिन्यात गावी असताना टीव्हीवर तोच सिनेमा लागला. करुणा हसत होती, मांडीवर तिची दहा महिन्यांची मुलगी. पडद्यावरची बाई मूल परक्यांकडे सोपवून निघते, जिन्यात थांबते, परत फिरते. एवढंच मी विसरले होते. उठले आणि चुलीपाशी वहिनीवर घसरले, पोरीला मला आत्या म्हणायला तूच शिकवलंस म्हणून. ती भाकरी थापत राहिली.

"मी काय नाय शिकवलं. तू गेल्यावर चार दिस पोर तुला घरभर शोधत व्हती. मग शोधायची थांबली. तुला सांगून काय करायचं व्हतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा एमआयडीसीतल्या लॅबला कामावर निघाली. वहिनी बाळाला घेऊन गोठ्याकडे वळली, तशी मी आडवी आले. करुणाला म्हटलं, "पुढल्या दारानं जा. तिला दिसू दे."

बाळानं टाहो फोडला. करुणाची बस वळणाआड गेली तरी थांबेना. वहिनीनं ते माझ्या हातात दिलं. "घे, तुझ्या हट्टाचं रडणं."

गाव सोडून बाहेर गेलेल्यांनो, तुमच्यातही कुणी असंच निघालं असेल. आजही कुणाकडून निघताना माझा हात आधी चपलांकडे जातो. घर म्हटलं की मला आता ते पुढलं दार दिसतं, ज्यातून मी निघाले नाही. त्या संध्याकाळी परतीच्या बसचा भोंगा वाजला आणि बाळ माझ्या खांद्यावरून त्या दाराकडे झेपावलं. सकाळी तिथून कोण गेलं ते तिनं पाहिलं होतं.