मैना जोडू इच्छिते

मैनाला मासळीतलं सगळं हाताला कळतं. मूठभर जवळा घेऊन दाबायचा, चुरचुर आवाज आला की वाळला. खारवलेल्या बांगड्याच्या पोटात ओल उरली असेल तर ती अंगठ्याला लागते. डोळ्यांची कामं तिनं अशी एकेक करून बोटांकडे सोपवत नेली होती. त्यामुळे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय हे इतरांना सोडाच, तिचं तिलाही बरेच दिवस उमगलं नाही. शेवटी पालीच्या बाजारात सुकी मासळी विकताना सख्ख्या नणंदेलाच तिनं विचारलं, "बोला ताई, काय देऊ?" नणंद रुसून निघून गेली आणि मैना डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. मैना म्हणाली, हंगाम संपू दे.

जयगडच्या खाडीकडच्या उतारावर तिचं घर. पुढे मासळी वाळवायचं खळं, खळ्याच्या कडेला चिऱ्यांचा गडगा आणि गडग्याच्या पलीकडे ठमाबाई. ठमाबाई ही चुलत दिराची बायको, म्हणजे जाऊच. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या वाडीत आल्या. पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात एकत्र गेल्या आणि एकमेकींच्या बाळंतपणात एकमेकींच्या चुली पेटवल्या. गणपतीच्या सवलतीत टीव्ही घेतले तेही दोघींनी एकाच दुकानातून, एकाच कंपनीचे, आणि एकाच टेम्पोत घालून आणले. दुकानाच्या माणसानं दोन्ही घरांत टीव्ही बसवले, त्यातली भाषासुद्धा मराठी करून दिली आणि दोन्ही घरचा चहा पिऊन गेला.

मग ठमाबाईचा मुलगा बंदरावर क्रेन चालवायच्या नोकरीला लागला, सून आली आणि तिच्या घरावर कौलांच्या जागी उंच स्लॅब चढला. दुपार कलली की त्या स्लॅबची सावली गडगा ओलांडून मैनाच्या खळ्यात, नेमकी जवळ्यावर यायची.

"तुझ्या स्लॅबनं माझं ऊन खाल्लं," मैना म्हणाली.

"मग सूर्याला सांग बाजूला सरकायला," ठमाबाई म्हणाली.

बोलाचाली एवढीच. पण गडग्यात दोघींची जायची-यायची फट होती, ती ठमाबाईनं करवंदीच्या काट्यांनी बुजवली आणि अबोला सुरू झाला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. अगदीच काही कळवणं भाग असलं तर दोघी ठमाबाईच्या कोंबडीशी बोलत. "कोंबडे, सांग तिला, पोस्टमन येऊन गेला." "कोंबडे, सांग, कळलं." कोंबडी बिचारी दाणे टिपत राही.

मैनाचा नवरा काशीराम जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सानिका दाभोळला दिलेली. मुलगा संदेश मुंबईत, बोटींची इंजिनं दुरुस्त करायच्या एका कारखान्यात. गेल्या आठवड्यात त्याच्या जोडीदाराचा फोन आला. "काकी, घाबरू नका. संद्याचा हात इंजिनाच्या पट्ट्यात गेला होता. आता ठीक हाय." पाठोपाठ संदेशनं स्वतः फोन केला. "काय नाय गं आई. खरचटलंय."

हा शब्द मैनानं या घरात आधीही ऐकला होता.

संदेशच्या बापानंही हेच कळवलं होतं. बोटीवर जाळं ओढताना काशीरामचा हात दोरात अडकला होता, तेव्हा त्यानं बंदरावरून निरोप धाडला, खरचटलंय. संध्याकाळी टॉवेलात हात गुंडाळून तो घरी आला. टॉवेल सोडला तर हात होता, पण त्याची दोन बोटं समुद्रातच राहिली होती. त्यानंतर काशीराम बोटीवर गेला तो फक्त जेवण रांधायला. 'खरचटलंय' या शब्दाचा या घरातला अर्थ मैनाला पाठ होता.

संदेश रोज व्हिडिओ कॉल करायचा. मैना फोन नाकाला लावून बघायची, तरी तिला दिसायचा तो एक तांबूस डाग. "हात दाखव," ती म्हणायची. तो म्हणायचा, "हा काय." मग तांबूस डागाशेजारी एक पांढरा डाग यायचा.

"त्यात बोटं हायत काय रे सगळी?"

"हायत गं. पट्टी बांधलीय."

पट्टी असताना कोण काय सांगणार? वाडीतल्या कुणाला फोन दाखवून विचारावं, तर माणसं मन राखणारी. काशीरामच्या वेळीही सगळे म्हणत होते, वैनी, काय झालेलं नाय. तिला स्वतःला बघायचं होतं. जेवण घशाखाली उतरत नव्हतं. मासळी हातात घेतली की तिला आधी स्वतःची बोटं दिसत, मग त्याची.

शुक्रवारी पट्टी निघणार होती. सकाळीच सानिकाचा फोन आला.

"आई, एक कर. फोनमधलं चित्र टीव्हीवर घे. वायर-बियर काही लागत नाही. एवढा मोठा दादा दिसेल तुला. मी सांगते तसं कर."

मैना खळ्यात उभी राहून ऐकू लागली. आधी टीव्ही लाव. मग रिमोटवरून टीव्हीत... नेमकी त्याच वेळी ठमाबाईची कोंबडी जवळ्यावर उतरली. मैनानं फोन कानाला तसाच ठेवून तिच्यामागे धाव घेतली. ती परत ऐकू लागली तेव्हा सानिका पुढे सरकली होती. "...मग फोनचा पडदा वरून खाली ओढ. तिथं टीव्हीचं छोटं चित्र आहे, ते दाब. कंपनीचं नाव येईल, त्यावर बोट ठेव. झालं. कळलं ना?"

"कळलं," मैना म्हणाली. मधलं एक राहिलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुपारी, संदेशच्या कॉलच्या वेळेआधी, तिनं टीव्ही लावला. फोन नाकाशी धरून पडदा खाली ओढला. अक्षरं सानिकानं मागेच मोठी करून दिली होती. टीव्हीचं चित्र सापडलं, तिनं ते दाबलं. वर्तुळ फिरलं आणि कंपनीचं नाव आलं. एकच नाव, आपलंच. तिनं त्यावर बोट ठेवलं. वर्तुळ पुन्हा फिरत राहिलं, बराच वेळ फिरलं, आणि मग अक्षरं आली : जोडले गेले.

टीव्हीवर मात्र एक सून सासूच्या पायाशी रडत बसली होती ती बसलीच.

एवढ्यात संदेशचा कॉल वाजला.

"आई, पट्टी काढली गं."

"थांब, थांब. टीव्हीत ये आधी."

"कशात?"

"टीव्हीत रे! सानिकानं सांगितलंय. तू हलू नको." मैना रिमोट दाबत सुटली. सून गेली, क्रिकेट आलं; क्रिकेट गेलं, भजन आलं. संदेश काही येईना. एवढा आठवडा काढला आणि आता, पट्टी सुटल्यावर, पुन्हा तोच तांबूस डाग.

तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला, चढ्या सुरात.

"ए कोंबडे! गो कोंबडे! सांग तुझ्या शेजारणीला, तिचं पोर आमच्या टीव्हीत आलंय!"

मैनाच्या हातातला रिमोट गळून पडला. पोर टीव्हीत म्हणजे बातम्यांत. आणि कारखान्यातली पोरं बातम्यांत कधी येतात ते तिला माहीत होतं. क्षणभर तिच्या कानात नुसता समुद्र वाजला.

"आई, कोण ओरडतंय गं?" हातातल्या फोनमधून संदेशच विचारत होता. धडधाकट आवाजात.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. आवाज इकडे होता आणि चित्र तिकडे गेलं होतं.

ती फोन घेऊन खळ्यात आली. तोंडापर्यंत 'ठमे' आलं होतं, ते तिनं गिळलं.

"कोंबडे, विचार, बातम्यांत नाय ना?"

"कोंबडे, सांग, बातम्या कसल्या! खाटेवर बसलाय मेला, दाढी वाढवून. आवाज नाय, नुसतं तोंड हलतंय. मागं दोरीवर बनियन वाळत घातलंय, ते पण भोकाचं."

"कोंबडे," मैना म्हणाली, "विचार तिला... त्याचा हात दिसतो काय?"

ठमाबाई आत गेली असावी. मैना गडग्याला धरून उभी राहिली. आणि त्या घटकेला तिला एक गोष्ट कळली. अख्ख्या वाडीत खरं सांगेल असं एकच माणूस होतं, आणि ते हेच. ठमाबाईनं जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नव्हतं. नव्या नवरीला ती तोंडावर काळी म्हणाली होती. मैनाची मासळी खवट झाली तर भर बाजारात तिनंच सांगितलं होतं. ती जे सांगेल तेच असणार.

"संदेश," मैना फोनमध्ये म्हणाली, "हात वर धर. उजवा. बोटं फाकव."

खिडकीतून ठमाबाईचा आवाज आला. या वेळी त्यात कोंबडी नव्हती.

"अगो मैने! हायत गो, सगळी हायत! करंगळी सुजलीय, जांभळासारखी काळी, नख तर जाणारच. पण हाय जाग्यावर! तिकडं काय उभी ऱ्हायलीस, ये ना बघायला! आणि त्याला सांग, हात नको नाचवू, चित्र फाटतंय माझ्या टीव्हीवर!"

मैना फटीकडे वळली. करवंदीच्या काट्या तिनं दिसत नसतानाच हातानं बाजूला केल्या. मनगट ओरबाडलं, तिला कळलं नाही. ठमाबाईच्या पडवीची पायरी तिच्या पायांना अजून ठाऊक होती.

आत भिंतीवर तिच्या पोराचा हात होता. सुपाएवढा. ती अगदी जवळ गेली, कपाळ टेकेल इतकी. अंगठा. त्याच्या शेजारचं बोट, लहानपणी कोयतीनं कापून घेतलेलं, त्यावरचा वण. मधलं. करंगळीशेजारचं. आणि ती करंगळी, फुगलेली, काळीनिळी, चिडक्या बेडकीसारखी. मैनानं हात उचलला आणि काचेवर त्याच्या एकेका बोटावरून आपलं बोट फिरवलं.

"काचेला हात नको लावू, डाग उठतात," ठमाबाई म्हणाली. पण तिला अडवलं नाही.

"संदेश, चिमूट कर," मैना म्हणाली. "मिठाची करतो तशी. आता करंगळीनं तळहाताला टेकव."

"दुखतं गं."

"टेकव!"

मोठी करंगळी हळूहळू वाकली, थरथरली आणि टेकली.

मैना होती तिथंच, फरशीवर, बसली. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि पुसता पुसता शिव्या द्यायला.

"मेल्या, आठ दिस माझ्या तोंडात घास नाय! पाच बोटं होती तर नीट सांगायचंस!"

"सांगतच होतो की! खरचटलंय म्हटलं ना पहिल्याच दिवशी?"

त्यानं सांगितलं होतं खरं. या घरात तो शब्द पहिल्यांदाच जसाच्या तसा खरा निघाला होता.

"आणि आई, काकीकडे कशी काय तू?" संदेशनं विचारलं.

"तिनं बोलावलं म्हणून आले," मैना म्हणाली. "जा, जेवून घे. डाव्या हातानं."

चित्र गेलं. ठमाबाईच्या टीव्हीवरही तीच सून तशीच रडत होती. ठमाबाईनं टीव्ही बंद केला आणि चहा टाकला. विचारलं नाही, टाकलाच. साखर कमी; मैनाला लागते तशी. दोघी बशीत फुंकर मारत बसल्या. मैनाला कितीतरी दिवसांनी चहाची चव लागत होती.

"मी म्हटलं, ही कधी बोलणार," ठमाबाई एकदम म्हणाली. "शेवटी बोललीस, पण ते पण टीव्हीतून."

"मी काय बोलले?"

"आता नाय कशाला म्हणतेस? माझ्या शिरेलच्या मध्येच पाटी आली. मी चष्मा लावून वाचली. 'मैना जोडू इच्छिते.' खाली दोन चौकोन. 'परवानगी द्या' आणि 'नाकारा'." ठमाबाईनं बशी खाली ठेवली. "मी बघत बसले. म्हटलं, तीन वर्षं गेली, आता इच्छा झाली बाईला! एकदा वाटलं, नाकारावं. चांगलं ठसक्यात नाकारावं. मग म्हटलं, जाऊ दे. आपणहून दारात आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं? दाबली परवानगी. तर ह्या दाढीवाल्याचं तोंड!"

फोन घेतला तेव्हा संदेशनंच त्यात आईचं नाव घालून ठेवलं होतं. मैनाच्या ओठावर आलं, ते मी नाय गो, फोननं पाठवलं. कोंबडीपायी माझं मधलं ऐकायचं राहिलं. तिनं बशी तोंडाला लावली आणि चहाबरोबर ते सगळं पिऊन टाकलं.

"मग काय," ती म्हणाली. "कुणीतरी विचारायला नको?"

"तेच ना. मी काय विचारणार नव्हते." ठमाबाई उठून कप विसळायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून जवळा वर स्लॅबवर घाल. सावली काय ती खाली पडते, वर ऊन नुसतं फुकट जातंय. पण वास नको म्हणते हां सूनबाई, संध्याकाळी उचलायचा."

"तुझी कोंबडी चढते काय वर?"

"कोंबडीचं नाव नको काढू. तिला बोलून बोलून तिचं अंडं घालायचं बंद झालंय."

मैना आली तशीच फटीतून घरी गेली. काट्या तिनं परत लावल्या नाहीत. टोपात सकाळचा भात होता. त्यावर आमटी ओतून ती चुलीपाशीच जेवायला बसली आणि टोप पुसून उठली. हात धुते न धुते तोच सानिकाचा फोन.

"आई, काय झालं? जोडलं गेलं का टीव्हीला?"

"गेलं गो. बोटं सगळी हायत दादाची. करंगळी काळी पडलीय, पण वाकते. मी वाकवून बघितली."

"सुटलो बाई!" सानिकाचा श्वास फोनमध्ये मोठ्यानं वाजला. "बघ, सोपं होतं ना? टीव्हीवर छान दिसलं?"

"दिसलं. ठमीच्या टीव्हीवर."

सानिका हसत सुटली. "अगं आई! तू आपल्या टीव्हीत ते चालूच केलं नसशील, तिच्यात चालू असणार. तिचा नि आपला एकच ना, नाव तेच येतं. थांब, आता फोनमधलं ते नाव काढून टाकायचं, म्हणजे परत तिच्याकडे जाणार नाही. वरून पडदा खाली ओढ—"

खळ्यातल्या जवळ्यावर सावली सरकत आली होती. रोज ती आली की मैनाच्या कपाळाला आठी पडायची. आज मैना नुसती उभी होती, पोटभर जेवलेल्या माणसासारखी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मूठभर जवळा. मूठ दाबली. चुरचुर वाजली.

"राहू दे ते नाव," ती म्हणाली.