दोन पक्षांचे हार

दसरा ते दिवाळी एवढ्या काळात देवरावांचा धर्म बदलला आणि गावाचं राज्यही. दसऱ्याला त्यांनी धम्म स्वीकारला. दिवाळीला हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन नांदेडकडचं त्यांचं गाव मुंबई राज्यात गेलं. हैदराबादेतल्या कचेरीतली शिपायाची नोकरी तेवढी तीच राहिली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी लेकीचं, गंगूचं, लग्न बरकतपुऱ्यात नव्या पद्धतीनं काढलं. मोहल्ल्यातलं असं पहिलंच. शेजारचे हणमंतराव, कोठी बाजारातले कापडवाले, यांनी प्रेमानं सांगून ठेवलं होतं की मुहूर्त नाही, भटजी नाही, म्हणजे लग्न शोकसभेसारखं दिसणार. तेव्हापासून देवरावांनी एकच ध्यास घेतला: फुलांना कमी पडू द्यायचं नाही.

नेमकी त्याच दिवशी निवडणुकीची मतमोजणी आली. दोन्ही उमेदवार अगदी बरोबरीत अडकले, दोघांनीही एकमेकांच्या मतांवर हरकती घेतल्या, आणि सगळं येऊन ठेपलं फौजी जवानांच्या टपालमतांवर. त्यांची पिशवी उशिरा धावणाऱ्या गाडीत होती. विजय दोन्ही पक्षांना नक्की ठाऊक असल्यामुळे कोठीतला सगळा झेंडू दोघांनी उचलला होता. उरल्यासुरल्या फुलांचा भाव प्रत्येक अफवेसरशी वरखाली होई. फुलवाले चाचा म्हणाले, "आज का भाव नक्को पूछो मियाँ, गिनती होने दो."

देवरावांना दोन बारीक हार मिळाले. एक बुद्धाच्या तसबिरीला गेला. वधूवरांत मिळून एक उरला.

नवरदेव उमाजी पलटणीत होता, आणि त्याच गाडीनं येत होता. देवराव त्याला आणायला नामपल्ली स्टेशनवर गेले, तर फलाटावर दोन्ही पक्ष बँडसकट हजर. हणमंतराव आपल्या पक्षाच्या पुढे, हातात सगळ्यात जाड हार.

गाडी लागली. टपालाच्या डब्याशेजारून वर्दीतला उमाजी ट्रंक घेऊन उतरला. फौजी मतं आली, असं कोणीतरी त्याच्या ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणालं. पिशवी डब्यातच होती, पण तिकडे पाहायला सवड कुणाला? बघता बघता जावईबापू नाकापर्यंत झेंडूत बुडाले. देवराव काहीच बोलले नाहीत. साहेबांच्या दाराशी उभं राहून त्यांना ही विद्या साधली होती.

खरा प्रकार कळल्यावर कार्यकर्ते हार परत घ्यायला पुढे झाले. हणमंतरावांनीच त्यांना अडवलं. नवरदेवाच्या गळ्यातला हार उतरवून घेणं म्हणजे केवढा अपशकुन. मग ते देवरावांकडे वळले.

"मुहूर्त टळला असेल ना हो?"

"आमच्यात मुहूर्तच नाही, शेटजी. जावई आला, आता लग्न."

हणमंतरावांच्या पक्षाचा बँड ठरवलेलाच होता, आणि वाजवायला निकाल नव्हता. तो टांग्यामागून बरकतपुऱ्यापर्यंत आला. हणमंतरावही आले.

मांडवात गंगू आपला बारीक हार घेऊन उभी राहिली. झेंडूच्या ढिगात तिनं नवऱ्याची मान शोधली.

"घालू कुठं?"

उमाजीनं दोन्ही पक्षांचे हार एकेक करून काढले, मांडवाच्या खांबांवर टाकले आणि मान वाकवली. हणमंतराव तेवढा वेळ बँडवाल्यांकडे बघत राहिले.