आधी फोन ठेव

माझी आत्या तेहतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. परगावी बोलायचं तर कॉल बुक करून तासन् तास ताटकळत बसावं लागे, त्या काळातली. आई नोकरीला जायची, त्यामुळे शाळा सुटली की मी आत्याकडे जाऊन दाराजवळच्या बाकावर गुपचूप बसायची. लांबलचक खोली, भिंतीभर उंच बोर्ड, त्याला शेकडो भोकं आणि समोरच्या स्टुलांवर ओळीनं बारा बायका. बाराही जणी एकाच वेळी बोलत असायच्या, तरी तिथे गोंगाट कसा तो नसायचा. आत्याचा तिथला आवाजही घरच्यापेक्षा वेगळा, इस्त्री केल्यासारखा.

कुणी नंबर सांगितला की ती एकेक आकडा सावकाश परत म्हणून दाखवायची. दोन माणसं जोडून दिली की आपली कळ फिरवायची, म्हणजे पुढचं बोलणं तिला ऐकू येत नसे. बोलणं संपलं की दोन्ही वायरी तिथल्या तिथे ओढून काढायची. शेजारची बाई वायर तशीच ठेवून चहाला गेली, की आत्या पुटपुटायची, "दार सताड उघडं टाकून गेली बया."

तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "जगाला जोडून देण्यात माझीच लाइन एंगेज राहिली, काय करणार!"

रिटायर झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि एकाहत्तराव्या वर्षी तिच्या हातात स्मार्टफोन आला. शिकवायला माझी लेक. तिला वाटलं होतं, आजीबाईंना दोन महिने लागतील. दोन दिवसांत आजीबाईच तिची शिकवणी घ्यायला लागल्या.

"आत्याआजी, हे फुलांच्या फोटोंचं अ‍ॅप. इथे फक्त 'परवानगी द्या' दाब."

"कशाची परवानगी?"

"तुझे सगळे कॉन्टॅक्ट बघायचेत म्हणतंय."

"गुलाब दाखवायला त्याला माझ्या ओळखीपाळखीची यादी कशाला हवी? काढून टाक मेल्याला."

असं तिचं चालायचं. फोननं अपडेट मागितलं की आम्ही सगळे 'नंतर' दाबायचो. ती लगेच करून टाकायची. म्हणायची, बोर्ड तपासायला मिस्त्री यायचा तेव्हा आम्ही त्याला कधी उद्या ये म्हटलं नाही. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर मेल बघितला की लॉग आउट करायची, ब्राउझरची खिडकी बंद करायची आणि पुन्हा उघडून खरंच बंद झालंय ना, बघायची. मागे रांग लागलेली असली तरी. कुठलंही पान उघडलं की वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायची, ओठ हलवत, नंबर वाचायची तसा. माझा सगळीकडे एकच पासवर्ड होता, लेकीचं नाव आणि जन्मसाल. ते कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

"एमए झालीस ना गं तू?"

"मग? लक्षात राहतो तो माझ्या."

"तुझ्याच कशाला, गल्लीतल्या सगळ्यांच्या राहील."

त्या संध्याकाळी तिनं मला बसवून एकूण एक पासवर्ड बदलायला लावले. मी चिडले होते. तिला जाऊन आता चार वर्षं झाली. परवा नवा फोन घेतला तेव्हा त्याच क्रमानं एकेक गोष्ट करत बसले होते आणि शेजारून कुणी टोकत नव्हतं, म्हणून चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

पण सांगायचंय ते त्या दुपारचं.

लेक कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, आत्या मटार सोलत होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. हात मोकळे नव्हते म्हणून मी स्पीकर लावला.

"हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मुलीला अपघात झालाय." त्यानं तिचं पूर्ण नाव सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं. "डोक्याला मार आहे. ऑपरेशनला तुमची संमती लागेल. तुम्हाला मेसेजमध्ये लिंक पाठवलीय. ती उघडा आणि मी सांगतो तसं करत जा. फोन अजिबात ठेवू नका."

मेसेज आलेला दिसत होता. मी बोट टेकवणार, तेवढ्यात मटारांचं ताट बाजूला सारून आत्या उठली.

"फोन ठेव."

"अगं आत्या, तो म्हणतोय—"

"ठेवू नका म्हणतोय ना? म्हणून ठेव."

मी ठेवेना. तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि कट केला. मी तिच्या अंगावर ओरडले. जे बोलले त्याची आजही लाज वाटते. "तुला मूल नाही, तुला काय कळणार!"

तिनं ते ऐकलं. म्हणाली, "पोरीला लाव."

लेकीचा फोन वाजत राहिला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. मधल्यामध्ये त्या माणसाचे फोन येत होते, एकामागून एक.

"आत्या, खरंच काही झालं असेल गं. घेते ना त्याचा."

"वाजू दे त्याला. प्रवेशाचे कागद कुठेत?"

"मेसेजमध्ये हॉस्पिटलचा नंबर आहे, त्यावर विचारू?"

"त्यानं दिलेल्या नंबरावर त्याचाच माणूस असणार. आपल्या घरातल्या कागदावरचा नंबर हवा."

कपाटातली फाईल तिनंच काढली. हॉस्टेलचा नंबर एंगेज. कॉलेजच्या ऑफिसचा लागला. तिथल्या कारकून बाई म्हणाल्या, थांबा, बघून येते. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबवर कुणाचं तरी हसणं, दार, पावलं. त्या फोनपासून इथवर अकरा मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडेच बघत होते.

"आई? काय झालं? मी प्रॅक्टिकलला होते, फोन बाहेर ठेवायला लावतात."

आत्यानं फोन घेतला.

"आपल्या मांजराला तू काय हाक मारायचीस?"

"आत्याआजी, हे काय गं? इथे सगळे ऐकतायत."

"हाक सांग."

"हेडमास्तर!" पलीकडे ऑफिसात हशा पिकला.

आत्या पुन्हा मटारांपाशी बसली. ती लिंक उघडली असती तर अख्खा फोन त्या माणसाच्या हातात गेला असता, हे आम्हाला नंतर कळलं.

मग तिनं सांगितलं. नोकरीचं पहिलं वर्ष. एक नर्स दर रविवारी आईला कॉल बुक करायची. एकदा मोठ्या डॉक्टरांचा म्हणून फोन आला, दमदार आवाज, घाईचं काम, ती नर्स कुठून फोन करते ते सांगा. आत्यानं पत्ता सांगून टाकला. तो डॉक्टर नव्हता. ती ज्याच्यापासून पळून आली होती, तो नवरा होता.

"मारलं?"

"हात मोडला तिचा. पुढच्या रविवारी तिचा कॉल आला नाही. मग कधीच नाही. तेव्हापासून कुणी कितीही घाई केली तरी मी म्हणायचे, आपण ठेवा, आमच्या वहीतल्या नंबरावर मी लावते. खरी माणसं थांबायची. रागावायची, पण थांबायची."

"आणि आज ते खरं असतं तर?"

"तर अकरा मिनिटं उशीर झाला असता. तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतंस."

नाही म्हणावं असं खूप वाटलं, पण ते खोटं झालं असतं.

"मला ठाऊक होतं ते," ती म्हणाली, "तुझ्या हातातून फोन घेतला ना, तेव्हाच." आणि पदरानं डोळे पुसून तिनं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.