मागे म्हणणारे

मंजूषाची आई शोभाताई एप्रिलमध्ये नागपुरात कोरोनाने गेली. ते २०२१ साल होतं. भारतातून येणारी विमानं नेदरलँड्सने थांबवली होती. एकदा गेलं की परत कधी येता येईल, हे कुणीच सांगेना. मंजूषा तिथल्या कापेल आन डेन आयसेल या गावातल्या आपल्या फ्लॅटमध्येच राहिली.

घरात आता बाबा एकटेच होते. रोज फोनवर ते ‘जेवलो’ म्हणत. शेजारच्या लतिकाताई मात्र सांगत, त्यांनी पाठवलेला डबा भरलेलाच परत येतो. आई गेल्यापासून त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्तीही लावली नव्हती. बुद्धपौर्णिमेला तरी ते वंदनेला बसावेत, एवढंच मंजूषाला हवं होतं.

त्या दिवशी तिने ऑफिसचा लॅपटॉप दुपारीच मिटला आणि पांढरी साडी नेसली. आपल्याकडच्या बुद्धमूर्तीपुढे सुपरमार्केटातली पांढरी फुलं ठेवली. अगरबत्ती लावली नाही. गेल्या वर्षी धुराचा अलार्म वाजून खालच्या मजल्यावरची डच आजी धावत वर आली होती. तिने बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

“पांढरा सदरा कुठाय?”

“धुतला नाही.”

“असू द्या. बसा.”

“तुझ्या आईने असू दिलं नसतं.” पण ते बसले.

पंचशील घेताना एकाने आधी म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. या घरात आधी म्हणायची ती आई. मंजूषा हात जोडून थांबली. बाबाही थांबले.

“आवाज गेला का गं?”

“नाही बाबा. तुम्ही सुरू करा ना. मोठे तुम्ही.”

“मला कुठे येते? ती थांबली, की मी म्हणायचो.”

“मीही तिच्या मागूनच म्हणायचे.”

“मग झाली वंदना.” बाबा उठू लागले.

“बसा म्हटलं ना!” मंजूषाने घाईघाईने पहिलं शरण म्हटलं. बाबा अर्धवट उठलेले, तसेच खाली बसले आणि मागून म्हणाले. त्रिशरण पार पडलं. शीलंही निघाली, एकामागून एक. पाचवं संपल्यावर तिच्या लक्षात आलं, चौथं राहिलं होतं. शेजाऱ्यांच्या लग्नपत्रिकेतल्याही चुका काढणारे बाबा काहीच बोलले नव्हते.

“चौथं राहिलं. तुमच्या लक्षात नाही आलं?”

“आलं न. पण सांगणारी तू. मी मधे कशाला बोलू?”

खोटं न बोलण्याचं ते शील तिने आता म्हटलं. बाबा मागून म्हणाले, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत.

“आज जेवलात?” तिने विचारलं.

बाबा मूर्तीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नाही.”

“काल?”

“बिस्किटं खाल्ली. तो डबा उघडला की दुसऱ्याच्या घरचा वास येतो, बेटा.”



“भात लावा,” मंजूषा म्हणाली. “मी आहे फोनवर.”

बाबांनी फोन ओट्यावर आडवा ठेवला. तिला नुसतं छत दिसत होतं आणि एकेका डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येत होता.

तांदूळ कुठल्या डब्यात असतात, ते दोघांनाही माहीत नव्हतं.