मावशीचा हात

वॉर्डातली आया सगळ्यांचीच मावशी होती. तोंड फिरवणाऱ्या रोग्यालाही ती चमच्याने दूध पाजायची. "आजोबा, जावयासारखे आढेवेढे नका घेऊ," म्हणायची.

त्या वर्षी हाडं मोडून आलेल्यांना वॉर्डातच विषमज्वर होऊ लागला. दोघे दगावले. पाण्यात दोष निघाला नाही, तेव्हा मोठ्या सिस्टरने खाटेखाटेला जाऊन विचारलं, "तुम्हाला कोण भरवतं?" ताप आलेल्या सगळ्यांनी मावशीचंच नाव घेतलं. तपासणीत तिच्या पोटात तेच जंतू सापडले.

"अहो सिस्टर, मला साधी शिंक येत नाही."

"म्हणूनच कुणाला कळलं नाही, मावशी. आजारी न पडताही काहींच्या अंगात जंतू राहतात आणि हातावाटे दुसऱ्याला जातात. औषध घ्या, तोवर कुणाला भरवू नका. आता भरवणाऱ्या प्रत्येकीची तपासणी होईल, माझीसुद्धा."

"मग ते दोघे माझ्या हातून गेले?"

सिस्टर तिच्याजवळ बसली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी घरी नातीने नेहमीसारखा आ केला. मावशीने ताट सुनेकडे सरकवलं.

"आजपासून आईच्या हातून जेवायचं, बाळा."

नात हटून बसली, रडली. मावशी दोन्ही हात काखेत दाबून तिच्याकडे बघत राहिली.