पिंपाचं झाकण

गाव सोडलं त्या सकाळी एस.टी.च्या टपावर पत्र्याचं पिंप चढवलं आणि त्याचं झाकण स्टँडवर विसरलो. गाडी हलली, तशी आई ते झाकण वर धरून मागे धावत सुटली. मला वाटलं, निरोप देतेय. मीही खिडकीतून मोठ्या थाटात हात हलवला. शेजारचा प्रवासी हसला, तेव्हासुद्धा कळलं नाही.

वाशीत तेव्हा चिखल जास्त आणि बिल्डिंगा कमी. पण फ्लॅट आपला, सोसायटी आपली! नळाला तासभर पाणी यायचं. माणदेशातला माणूस मी. भरलेलं पिंप पाहूनच माझं पोट भरायचं. बायको, सुमन, वरचेवर पाणी घालून ते काठोकाठ ठेवायची. तळ कधी दिसलाच नाही.

दोन वर्षांनी आई राहायला आली. गावी ती रोज पहाटे हंडा उपडा करून घासायची, मग ताजं भरायची. इथं पिंपात वाकून म्हणाली, "शिळं पानी हाय रं. वतून टाक."

"आई, पाणी कधी शिळं होतं का? तो काय भात आहे?"

लेक शिकलेला, म्हणून तिनं मानलं. जुन्या लुगड्याचा तुकडा मात्र पिंपावर बांधला. ऑफिसातली मंडळी चहाला येणार, म्हणून तो मी काढला. परत बांधला नाही.

महिन्याभरात तिला ताप भरला. "हाडं मुसळानं कुटल्यागत हुतंय," म्हणायची. डॉक्टर घरी आले. म्हणाले, हा हाडमोड्या ताप, डेंग्यू, डासांमुळे होतो. घरात पाणी कुठं साठवता? मी अभिमानानं पिंप दाखवलं. त्यांनी बॅटरी मारली. स्वच्छ पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

सहाव्या दिवशी आई गेली.

दिवसकार्याला गावी गेलो, तर ते झाकण चुलीमागे खुंटीला टांगलेलं. चिंच लावून लख्ख घासलेलं. गावाकडचे विचारतात, आता घर कुठलं? काय सांगू? पिंप इथं, झाकण तिथं, अशीच माझी दोन वर्षं गेली होती.

झाकण घेऊन वाशीला आलो. सुमननं पिंप केव्हाच ओतून गॅलरीत पालथं घातलं होतं. मी झाकण मांडीवर घेऊन बसलो, "मीच मारलं तिला" म्हणत. सुमननं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"एकट्यानं नका घेऊ सगळं," ती म्हणाली. "त्या पिंपात पाणी मी घालत होते."