बाईंची निळी बॅग

डायमंड मॅडमचा मला राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला निःपक्षपाती समजायला नको. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली माझं शिवणकामाचं दुकान आहे. चेन बदलणं, बाह्या आवळणं, उंची कमी करणं, असली कामं. जिन्यावरून कोण काय घेऊन वर जातं, ते मला मशीनवरून मान न उचलता कळतं.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. बालवाडीच्या बाई. इमारतीतल्या निम्म्या पोरांची नाकं त्यांनी पुसली आहेत. निवृत्त झाल्यावरही कुठल्याही घरात त्या बेल न वाजवता शिरायच्या आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. आयुष्यभराची कमाई म्हणाल तर ही एवढीच.

मॅडम एका कपडे विकणाऱ्या कंपनीतली, 'डायमंड' हा तिचा तिथला हुद्दा. तिने नेमकी तीच कमाई हेरली. माझ्या दुकानासमोरच बाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या शब्दाला केवढा मान आहे, बाई. एवढ्या ओळखी नुसत्या पडून आहेत हो." जशी काही माणसं म्हणजे माळ्यावरची रद्दी.

कंपनीची रीत अशी, की कपड्यांचं बंद खोकं आधी विकत घ्यायचं. आत काय निघेल ते आपलं नशीब. पण खरी मिळकत कपड्यांत नव्हतीच. दुसऱ्या बायकांना विक्रेत्या करायचं, त्यांनी खोकी घेतली की त्यातला वाटा आपल्याला आणि आपल्या वर बसलेल्या मॅडमला. बाईंच्या पहिल्या खोक्यात अननस छापलेल्या लेगिंग्ज निघाल्या. कंपनीच्या निळ्या बॅगेत घालून बाईंनी त्या दारोदार नेल्या. भिडेखातर सगळ्यांनी घेतल्या. दोन धुण्यांत रंग गेला, शिवण उसवली आणि सगळ्या जणी माझ्याकडे आल्या. "बाईंना सांगू नकोस हं," असं प्रत्येकीने बजावलं.

मग भिडेखातरच एकेक जण विक्रेती झाली. पहिल्या मजल्यावरची नर्स, समोरची बँकवाली, बाईंची सख्खी भाचीसुद्धा. गच्चीवर त्यांनी प्रदर्शन भरवलं, तेव्हा पडद्याला टीप मारून द्यायला मी वर गेले. टेबलं भरपूर, प्रत्येक टेबलामागे एक विक्रेती, आणि टेबलांपुढे मी एकटी. सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की पळून जावंसं वाटलं.

"बाई, सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण?" मी तिथेच विचारलं.

"तू फार निगेटिव्ह बोलतेस," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांचा नव्हता. शंका काढणाऱ्या प्रत्येकीला मॅडम तोच चिकटवायची.

पुढे खोकी कुणाचीच खपेनात, तशी भाचीने अबोला धरला. नर्सने आपलं खोकं बाईंच्या दाराशी आणून आदळलं. बाईंचा फोन कुणी उचलेना. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघायचं आणि निळी बॅग किंवा नुसत्या बाई दिसल्या तरी टीव्हीचा आवाज बंद करायचा, हे पोरांनाही पाठ झालं. त्यातल्या कितीतरी पोरांना गाणी म्हणायला बाईंनीच शिकवलं होतं.

एका दुपारी बाई अनवाणी खाली आल्या. हातात बॅग नव्हती. "अगं, हे बाथरूममध्ये पडलेत. मला उचलवत नाहीत. सगळ्यांची बेल वाजवून आले."

बेल ऐकून गप्प झालेले टीव्ही पुन्हा सुरू झाले होते, जिन्यात ऐकू येत होते. माझ्या दुकानाला दार नाही, शटर आहे, आणि ते दिवसभर वर असतं. म्हणून मी सापडले. दार असतं तर काय केलं असतं, देव जाणे.

वर जाता जाता मी प्रत्येक मजल्यावर घसा फोडून ओरडले, "बॅग नाहीये, काका पडलेत." तेव्हा कुठे दारं उघडली. सगळ्यात आधी नर्स धावली. माझी मापाची लाकडी पट्टी काकांच्या पायाला बांधताना तिने एकदाही बाईंकडे बघितलं नाही.

काकांचं मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून मॅडमला फोन मीच लावला. "खचू नका म्हणावं," ती गोड आवाजात म्हणाली, "हाच अनुभव पुढच्या मीटिंगला स्टेजवर सांगा म्हणावं. लोकांना फार भिडतं." यावर मी तिला जे बोलले, ते इथे लिहिता येणार नाही.

संध्याकाळी मी बाईंशेजारी बाकावर बसले. वाटलं, एवढं झाल्यावर तरी डोळे उघडले असतील. "बाई, बास झालं आता. उरलेली खोकी मॅडमच्या दारात नेऊन टाकू. मी येते बरोबर."

वॉर्डातून आया, नर्स, पेशंटांच्या बायका ये-जा करत होत्या. बाईंची नजर एकीवरून दुसरीवर फिरत होती. मग त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"इथं मला कुणीच ओळखत नाही गं," त्या म्हणाल्या. "उद्या येताना माझी बॅग आणशील?"